बाजार समितीचा कडुलिंब

सूरच्या लाकूड बाजारात एकवीस वखारी
आणि झाड एकही नाही,
असं बलदियाच्या पत्रात लिहिलं होतं.
पत्र मीच वाचून दाखवलं,
अरबीतून हिंदीत, हिंदीतून लधाभाईंच्या कच्छीत,
आणि मनातल्या मनात एकदा मालवणीत;
तिथे कुठे ते खरं वाटलं.

बैठक चौगुल्यांच्या पडवीत, इशानंतर.
हजर: मुबारक बिन जुमा, ज्यांच्या आज्याने गलबतं बांधली
आणि ज्यांनी स्वतः प्लायवूड आणलं.
करीमशेठ चौगुले, मूळ दाभोळ, बर्मी सागाचे.
लधाभाई, ज्यांची उधारीची वही
त्यांच्या डोक्याबाहेर कोणी पाहिलेली नाही.
आणि मी, मोजणीदार, इतिवृत्तापुरता.

मुद्दा एकच: झाड कुठलं?
करीमशेठ म्हणाले, फणस.
लधाभाई म्हणाले, पिंपळ. मग स्वतःच म्हणाले, नको,
पिंपळाखाली खोटं बोलता येत नाही,
हा बाजार आहे.
मुबारक म्हणाले, गाफ, पण तो सावकाश वाढतो
आणि बलदियाचा माणूस शाबानमध्ये येणार.
अर्ध्या तासाने ध्यानात आलं,
चौघांपैकी एकालाही
पानावरून झाड ओळखता येत नाही.
आम्ही लाकूड आडवंच ओळखतो.
वास, रेषा, गाठ, टोकाला फासलेला रंग.
उभं कसं दिसतं ते आठवायला
करीमशेठ डोळे मिटून बसले,
मग म्हणाले, दारात आंबा होता बहुतेक.
की शेजाऱ्यांचा?

शेवटी कडुलिंब. इथे त्याला शरीश म्हणतात.
रोप आलं दीड वितीचं, फलक साडेतीन फुटांचा,
मलबारी साग, पहिली प्रत.
नावांच्या क्रमावरून दुसरी बैठक, तिसरी बैठक,
कहवा, खजूर,
आणि महिनाभर लधाभाई
चौगुल्यांची वखार टाळून
खाडीवरून वळसा घालत घरी.
क्रम अखेर अरबी वर्णमालेने लागला.
माझं नाव कुठल्याच वर्णमालेत बसलं नाही,
ते एक बरं झालं.

पहिलं रोप बकरीने खाल्लं. दुसरंही.
इतिवृत्तात: प्रगती समाधानकारक.
तिसऱ्याला रशीदुल, रात्रीचा राखणदार,
वजूचं पाणी घालायचा,
त्याचा ठराव कोणी केला नव्हता.

वादळाच्या वर्षी फलकाचा खांब गेला.
फलक सापडला मशिदीच्या भिंतीशी, पालथा.
तोवर लिंबाचं खोड मनगटाच्या वर गेलं होतं.
करीमशेठनी स्वतः
चार इंची खिळ्याने तो खोडाला ठोकला.
बाजारातली शेवटची सामूहिक कृती ती हीच.

मग मस्कतहून तयार दारं आली,
आत पुठ्ठा, वर सागाच्या रेषा छापलेल्या.
मी बोट फिरवून पाहिलं:
प्रत्येक दाराला तीच गाठ,
त्याच जागी.

लधाभाई मांडवीला गेले ते तिकडचेच झाले.
चौगुल्यांच्या पोराने वखारीत टायर ठेवले.
मुबारक येतात अधूनमधून, गाडीतून उतरत नाहीत,
काच खाली करतात,
झाडाकडे बघतात, जसं
कोणाची तरी उधारी आठवावी.

परवा रस्ता रुंद करायला गुल मीर आला, कटाईवाला.
फलक कधीच वाळवीने नेलेला.
त्याने खोडावर तळहात फिरवला, एका जागी थांबला.
खिळा आहे?
आहे म्हटलं, आत. झाडाने गिळला.
तो म्हणाला, करवतीचे सगळे दात जातील,
हे काम दुसऱ्याला द्या.
आणि तिथेच, सावलीत, नसवारची डबी उघडून बसला.

मी सवयीने फीत काढली होती.
गुल मीर हसला.
म्हणाला, उभ्याला मोजतोस?